अहो

आमच्या घरी रस्त्यावरून उचलून आणलेली कुत्री राहतात आणि त्यांच्यातून जागा उरलीच तर आम्ही नवराबायको. कुत्री बरी झाली की बायको त्यांच्यासाठी चांगली घरं शोधते.

नवा आलेला करडा कुत्रा कोणत्याच नावाला ओ देईना. मोती, वाघ्या, राजा, सगळं म्हणून झालं. मग एकदा बायकोने स्वयंपाकघरातून मला हाक मारली, "अहो, चहा झालाय!" आणि हा उठून गेला.

आम्ही पोट धरून हसलो. "तुमच्यापेक्षा लवकर आला बघा," ती म्हणाली.

पुढे तो प्रत्येक "अहो"ला जाऊ लागला. मी मुळात आळशी. जाणारा कोणीतरी आहे म्हटल्यावर मी उठायचंच सोडलं. मग माझी खुर्ची त्याची झाली. बायको त्याला शेजारणीच्या कागाळ्या सांगू लागली, त्याचं मतही विचारू लागली. मी कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून ऐकायचो. वाईट वगैरे काही वाटलं नाही. पोतं ऊबदार होतं.

आज एक जोडपं कुत्रा न्यायला आलं. बायकोने खुर्चीकडे बघून विचारलं, "अहो, याला देऊया ना?" खुर्चीतून काहीतरी उत्तर आलं असावं, कारण तिने मान डोलावली आणि गळपट्टा घेऊन ती माझ्याकडे वळली.

"अगं, मी आहे," मी म्हणालो.

पाहुणी दचकून नवऱ्यामागे लपली.

"घाबरू नका हो," बायको म्हणाली, "चावत नाही तो."