वापरात आलेली पुस्तकं

बाळाला मांडीवर थोपटत मी करसल्लागारांसमोर बसले होते. इथे परदेशात पुढे विकायच्या मालावर खरेदीच्या वेळी कर लागत नाही, म्हणून माझ्याच कवितासंग्रहाच्या पन्नास प्रती मी छापखान्यातून 'पुढे विकायच्या आहेत' असं सांगून बिनकराच्या आणल्या होत्या.

"विकल्या किती, ताई?"

"चार. बाकीच्या नातेवाइकांनी नेल्या. म्हणाले, 'घरच्यांकडून कसले पैसे घेतेस गं?' वर्ष झालं, एकानेही पान उलटलेलं नाही."

"मग त्या प्रतींवरचा कर तुम्हालाच भरावा लागेल. फुकट दिलेला माल विक्रीत धरत नाहीत, वापरात धरतात." एवढं बोलून त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'वापरात आलेली पुस्तकं: शेहेचाळीस.'



माझ्या कवितांना मिळालेली ती पहिली दाद, आणि तिचेही पैसे मीच भरले.