झॉम्बी आले तरी

"झॉम्बी आले की हायवेला जायचंच नाही, बाबा. सगळं जग तिकडेच पळणार."

अभिरामचं हे वाक्य जयमालाबाई हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणून दाखवायच्या आणि सुधीरराव दर वेळी हसायचे. आज हसले नाहीत. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून ते खिडकीतून खारघरचा डोंगर बघत राहिले.

"या वर्षी राहू दे ना, जयू," ते म्हणाले. "प्लास्टर निघालं की दोघं जाऊ."

जयमालाबाई बुटांच्या नाड्या बांधत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे नाही.

अभिराम सातवीत असताना हे खूळ घरात शिरलं. जेवणं झाली की तिघं गॅलरीत बसून बेत करायचे, झॉम्बी आले तर जगायचं कसं? वाशीचा पूल तुंबणार, कळंबोलीला ट्रक अडकणार, म्हणून डोंगर. वर ओढा आहे, पाण्याची सोय झाली. धूर दिसणार नाही अशी चूल कुठे मांडायची, पहारा कोणी द्यायचा, सगळं ठरलं होतं. एका रविवारी सुधीररावांनी दोराची पक्की गाठ शिकवायला घेतली आणि स्वतःलाच गॅलरीच्या ग्रिलला बांधून बसले. शेवटी कात्री आणावी लागली. जयमालाबाईंचं आपलं वेगळंच. साखर बरोबर घ्यायची, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून तिच्यात लवंगा टाकायच्या.

"आई, माणसं माणसांना खातायत आणि तू मुंग्यांचं टेन्शन घेतेस?" अभिराम हसून लोळायचा.

मुख्य नियम मात्र त्याचाच होता. चुकामूक झाली तर कोणी कोणाला शोधत फिरायचं नाही, शोधणारा पण मरतो. ओढ्याजवळच्या मोठ्या कातळाखाली खाण्याचा डबा ठेवून यायचं. जो जिवंत असेल तो येऊन खाईल आणि डबा तिथेच ठेवेल, म्हणजे बाकीच्यांना कळेल. त्यावर जयमालाबाईंनी पुरवणी जोडली, की झॉम्बी आले तरी कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. हे त्यांनी पोराच्या अंगी मुरवलंच होतं. शेजारच्या यशोदाबाईंचा डबा द्यायला निघाला की तो न सांगता त्यात काहीतरी घालायचा. सुधीरराव आयुष्यभर विसळलेला डबा तसाच देऊन यायचे आणि बोलणी खायचे.

चार वर्षांपूर्वी अभिराम घर सोडून गेला. इंजिनिअरिंग शेवटच्या वर्षाला सोडलं, बापलेकांत जुंपली, आणि पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस, असं सुधीरराव बोलून गेले. दोन दिवसांनी एकच मेसेज आला. मी ठीक आहे, शोधू नका. मग तो नंबरही बंद झाला. पोरगा कुठे का असेना, जिवंत आहे आणि आपल्याला विसरलेला नाही, एवढं कळलं तरी जयमालाबाईंना पुरे होतं.

शोधू नका म्हटल्यावर हातात नियमच उरला. डिसेंबरात त्याच्या वाढदिवसाला दोघं डिंकाच्या लाडवांचा डबा कातळाखाली ठेवायचे आणि संक्रांत झाली की आणायला जायचे. तिन्ही वर्षं डबा रिकामा निघाला.

"बघ, येऊन गेला," सुधीरराव म्हणायचे. मग उतरताना वाटभर तेच बोलत राहायचे, त्या गाठीचं, त्या कात्रीचं. जयमालाबाई ऐकत असायच्या. फार बरे दिवस होते ते. दर जानेवारीत सुधीररावांची साखर मात्र वाढलेली निघायची आणि डॉक्टर तिळगुळाला दोष द्यायचे.

यंदाही वाढदिवसाला डबा ठेवला. तिसऱ्याच दिवशी सुधीरराव बाथरूममध्ये घसरले आणि त्यांचं रोजचं पहाटे डोंगरावर फिरणं बंद झालं.

"समजा, या वर्षी नसेल आला," ते आता म्हणाले. "लांब कुठे नोकरीला गेला असेल. मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेणार."

डोंगरावरच्या पाड्यातली भागीरथी सकाळी खाली भाजी विकायला यायची. तिची टोपली रिकामी झाल्यावर जयमालाबाई तिच्याबरोबर वर गेल्या. सुधीररावांनी टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला.

जयमालाबाई दुपार कलल्यावर परतल्या. तोंड धुतलं, चहा टाकला, आणि पिशवीतून स्टीलचा कडीचा डबा काढून सुधीररावांच्या मांडीवर ठेवला. डबा जड होता.

सुधीररावांचा चेहरा उतरला. आता लपवून काही उपयोग नव्हता.

"जयू, तो कधी आलाच नव्हता गं," ते म्हणाले. "मीच जायचो पहाटे. तुझ्याकडे बघवत नव्हतं. तुझे लाडू टाकवेनात, मग तिथेच बसून खायचो."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. तिळगुळाने एवढी साखर वाढते होय? आणि डबा रिकामा होता. त्याने असा ठेवला असता?"

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं सुधीररावांनी विचारलं. तुम्हाला तेवढाच आधार होता, तो कशाला काढून घेऊ, असं म्हणून जयमालाबाईंनी चहा गाळला. सुधीररावांचे डोळे भरून आले. त्यांनी डबा बाजूला सारला आणि हे लाडू भागीरथीच्या घरी देऊन टाक, मला आता घशाखाली उतरायचे नाहीत, असं सांगितलं.

"आधी उघडा तरी," जयमालाबाई म्हणाल्या.

सुधीररावांनी कडी सोडली. डब्यात लाडू नव्हते. काठोकाठ साखर होती, आणि साखरेत लवंगा.