एकविसावा अध्याय

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. आज कीर्तनातली नाही, आमच्या ताडकळसातलीच एक गोष्ट सांगतो.

जादूच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "सध्या काय वाचायलात?" शेजारच्या प्रियंकानं लिहिलं, "उडत्या नागांच्या राज्याचं तेच पुस्तक. पाचव्यांदा."

"ताई, तोंडपाठ झालं असंल की! शेवट तरी सांगा."

"शेवट अजून वाचलाच न्हाई."

सगळा ग्रुप हसला. पण ते खरंच होतं. दवाखान्यानं हात टेकून घरी पाठवलेल्या आईला, सारजाबाईला, ती रोज त्यातला एक अध्याय वाचून दाखवायची. पहिल्याच दिवशी सारजाबाईनं पुस्तकाला हळदकुंकू लावलं होतं. म्हणाली होती, "मांडलेली पोथी पुरी झाल्याबिगर ऐकणारानं उठू न्हाई, बाई. तवर देव बी थांबतो."

तेव्हापासून वीस अध्याय झाले की प्रियंका शेवटचा, एकविसावा, तसाच ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

काल पाचव्यांदा विसावा संपला. ती पानं मागं उलटायला लागली, तसा सारजाबाईनं तिचा हात धरला.

"लय दुखायलंय गं माय. आता समाप्ती कर."



आज कीर्तनात टाळ हाती घ्याल, तेव्हा आमच्या प्रियंकाची आठवण ठेवा. ती सकाळपासून एकविसावा अध्याय वाचायलीय, पहिलीतल्या लेकरावानी एकेक अक्षर लावत.