आईची पावलं

"आई, तासभर झाला, तुझी पावलं वाढतच नाहीयेत. परत खुर्ची धरलीस ना?" मुलगी फोनवर चिडली होती. गुडघा बदलायचं ऑपरेशन झाल्यावर तिनेच आईला मनगटावर बांधायचा बँड दिला होता. आई किती चालली, ते तिला बंगळुरूत मोबाइलवर दिसायचं.

प्रमिलाबाईंनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. चालताना कळ यायची, म्हणून रोज नवराच तो बँड घालून टेकडीवर फिरायला जायचा. "तुझ्या वाटचं मी चालतो," म्हणायचा.

त्याच्यासाठी झाकून ठेवलेला चहा गार झाला होता. दाराशी त्याचे बूट अजून नव्हते.

वॉकर न घेताच त्या जिना उतरल्या, भिंत धरत टेकडीच्या रस्त्याला लागल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मुलीच्या मोबाइलवर मात्र आईची पावलं जागची हलली नव्हती.