पक्षी होणारी बाई

परदेशात राहणाऱ्या त्या चित्रकाराच्या बहुतेक चित्रांत एकच बाई असे. कुठे तिचं झाड होत असे, कुठे पक्षी. बघणारे तिला कधी दुःखाचं प्रतीक म्हणत, कधी आशेचं. ती आपली आई आहे, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांत त्याचं घरी जाणं झालं नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी ताई पहिल्यांदाच त्याच्याकडे आली. अंगातला कोटही न काढता ती स्टुडिओभर फिरली आणि एका चित्रापुढे थांबली. त्यातल्या बाईच्या खांद्यांतून पंख फुटत होते. केस काळेभोर होते.

"तू गेलास तेव्हा अशी होती," ताई म्हणाली.

त्याने विचारलं, "आणि शेवटी?"

"एवढीशी झाली होती रे. घास भरवावा लागायचा. माणसंही ओळखू येईनात."

"तूसुद्धा नाही?"

ताईने चित्रावरची नजर काढली नाही. "मी ताट घेऊन खोलीत गेले की तिचा चेहरा एकदम उजळायचा. विचारायची, 'आलास का रे बाळा?'"

"मग तू काय म्हणायचीस?"

"आधी आधी खरं सांगायचे, 'अगं, मी आहे.' मग ती रडायची, जेवायचीच नाही." ताई त्याच्याकडे वळली. "शेवटी मी घोगरा आवाज काढून म्हणायला लागले, 'आलो गं आई.'"