दहावा फ्री थ्रो

“गुडघे वाकव. चेंडूकडे नको, कड्याकडे बघ. हां, आता सोड.”

जयवंताने दोन्ही हातांनी बास्केटबॉलचा चेंडू खालून उचलला आणि सोडला. फळीला न शिवता तो लोखंडी कड्यातून सरळ खाली आला. सकाळपासून तिचा हा सलग सव्विसावा.

चुन्याच्या रेघेमागे उभी असलेली पोरं ताटल्या बडवू लागली. तसं मार्तंडमास्तरांनीच सांगितलं होतं. सरावात न चुकणारी पोरं स्पर्धेत चुकतात ती गर्दीला बिचकून, अशी त्यांची आता खात्री झाली होती. म्हणून यंदा ताटल्या, शिट्ट्या, आरडाओरडा. जयवंता ढिम्म हलली नाही. सत्ताविसावाही आत.

दहा वर्षांची पोर. तिची आई रंभाबाई शाळेत पाणी भरायची. या पोरीच्या दोन हातांवर आपला सगळा संसार टांगलेला आहे, हे मास्तरांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

शाळेचे चिटणीस नानाजी यांनी मास्तरांना शाळेच्या खर्चाने ड्रिलच्या, म्हणजे कवायत आणि खेळ शिकवण्याच्या, कोर्सला पाठवलं होतं. परत आल्यावर त्यांची मूळ प्रमाणपत्रं आपल्या कपाटात ठेवून घेतली होती. मास्तरांची बायको प्रेमलता लहान लेकीला घेऊन जबलपूरला राहायची, तिथे शिक्षिका होती. तिच्याच शाळेत ड्रिलमास्तरची जागा रिकामी होती, पण कागदांशिवाय त्यांना तिथे कोण उभं करणार?

दर वर्षी मास्तर नानाजींच्या टेबलापुढे जाऊन उभे राहत.

“शाळेनं तुम्हाला शिकवलं, मार्तंडराव,” नानाजी आवाज न चढवता म्हणत. “लहान मुलांची फ्री थ्रोची ढाल एकदा या खोलीत येऊ द्या. त्याच दिवशी कागद घेऊन जा. मी अडवणार नाही.”

नानाजी शब्दाचे पक्के होते. ढालच येत नव्हती. पहिल्या वर्षी रुपरावचा शेवटचा थ्रो हुकला, दुसऱ्या वर्षी ईश्वरदासचा. दोन्ही वेळा ढाल एका थ्रोने गेली. रुपराव तर मास्तरांच्या कमरेला मिठी मारून इतका रडला, की त्यांना स्वतःचं दुःख गिळून त्याची समजूत काढावी लागली. मग सीताबर्डीच्या खोलीवर येऊन ते दाराला कडी घालून बसून राहिले. आपल्या शिकवण्यात खोट कुठे आहे, हे त्यांना उमगत नव्हतं.

दिवाळीचे आणि मे महिन्याचे मिळून वर्षातून चाळीस दिवस ते बाप होते. उरलेले दिवस ते त्या मैदानावर रेघेशी उभे असत.

चोपन्न सालच्या फेब्रुवारीत प्रेमलताचं पत्र आलं. जागा जूनपर्यंतच राखून ठेवणार होते. खाली एक ओळ होती : ‘बेबी तुमच्या फोटोला पाहुणे म्हणते. मी आता तिला सुधारणं सोडलंय.’

मास्तरांनी सराव दुप्पट केला.

स्पर्धा शहरातल्या सदर नावाच्या वस्तीतल्या मैदानावर होती. प्रत्येक शाळेची तीन मुलं, प्रत्येकाला दहा थ्रो. गेल्या वर्षी ढाल जिंकलेल्या शाळेचे यंदा पंचवीस झाले होते. बरोबरी झाली तर ढाल त्यांच्याकडेच राहणार होती. मास्तरांच्या पहिल्या दोन मुलांनी सोळा केले. म्हणजे जयवंताला दहाच्या दहा हवे होते.

तिने एक टाकला. दुसरा टाकला. गर्दी ओरडत होती, तिला ऐकूच येत नसावं. पाच, सहा, सात. आठ. नऊ.

दहाव्या वेळी तिने गुडघे वाकवले, कड्याकडे बघितलं, आणि चेंडू सोडला.

तो कड्याच्या काठावर आपटून बाहेर पडला.

टाळ्या दुसऱ्या बाजूने वाजल्या. मास्तर कसेबसे मैदानाच्या पायरीपर्यंत गेले आणि बसले. पोरांसमोर कधी न रडलेला माणूस आज धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडला.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन बसलं. जयवंता. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“रडू नका न, गुरुजी.”

“तुझी चूक नाही, पोरी,” ते डोळे पुसत म्हणाले. “एवढी गर्दी. घाबरलीस ना?”

“नाई. मी काहून घाबरू?”

“मग कसा हुकला?”

जयवंताने मागे वळून पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं.

“मायनं नानाजीच्या हापिसात आयकलं होतं. ढाल आली का तुमी गाव सोडून जाता म्हणे. मंग आमी ठरवलं. पयले रुपरावनं चुकवला, मंग ईश्वरदासनं. औंदा माही पाळी होती.”

मास्तरांनी मान वळवून मैदानावरच्या कड्याकडे पाहिलं. त्यांना पुढच्या वर्षाचा घोर लागला असेल, असं तिला वाटलं. तिने आपला लहानसा हात त्यांच्या हातावर ठेवला.

“पुढच्या साली जनाची पाळी हाये. तिले चुकवताच येत नाई. पण तुमी फिकर नका करू, गुरुजी. मी शिकवून राहिली तिले.”