पाहुण्यांचं खातं

"एकदा पुसलं की पुसलं, काकू. मग ब्रह्मदेव आला तरी परत मिळायचं नाही," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला आणि त्यानं चष्मा कपाळावर ढकलला.

पडद्यावर एकच वाक्य होतं. *सर्व माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचे?* खाली दोन चौकटी, हो आणि नाही.

"थांबा," लेक दारातूनच म्हणाली. पर्स अजून तिच्या खांद्यावर होती. "तुम्हाला कुणी बोलावलं?"

"मी," आई म्हणाली.

ती बाबांच्या खुर्चीत बसली होती. बाबा गेल्यापासून खुर्चीची उंची कुणी कमी केली नव्हती, त्यामुळे तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"ऐका ताई," दुरुस्तीवाला म्हणाला. "यातली सिस्टिम मोडीत निघाली. नवी टाकायची तर मालकाचा पासवर्ड हवा, आणि तो साहेब बरोबर घेऊन गेले. म्हणजे पाटी कोरी करूनच टाकायला लागणार."

"मग आतली डिस्क काढून ठेवा."

"या मॉडेलमध्ये ती निघत नाही. बोर्डालाच डकवलेली असते."

"पेनड्राइव्हवर तरी घ्या जमेल ते."

त्यानं कॉम्प्युटर जरा तिरका करून मागची बाजू दाखवली. पेनड्राइव्ह लावायच्या सगळ्या खाचा डिंकासारख्या कशानं तरी भरलेल्या होत्या. वाळून दगड झालेल्या.

"साहेबांचं काम. बाहेरून व्हायरस शिरू नये म्हणून. मी म्हटलं होतं, अहो, एवढी काळजी तर बँकवालेसुद्धा घेत नाहीत. तर म्हणाले, म्हणून तर बुडतात." तो हसला. दोघींपैकी कुणीच हसलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि सुटका झाल्यासारखा तो गॅलरीत गेला.

लेकीनं पर्स खाली ठेवली. "आई, बाबांचं सगळं आत आहे."

"काय आहे?"

लेकीला सांगता येईना. तिनं स्वतःची जन्मतारीख घालून पाहिली होती, आईचं माहेरचं नाव, जुन्या घरचा फोन नंबर, मेलेल्या कुत्र्याचं नाव. दर वेळी ती पासवर्डची चौकट नुसती मान हलवल्यासारखी हलायची.

"काहीतरी असेलच ना," ती म्हणाली. "आपल्यासाठी."

"असेल. नीट ठेवलेलं असेल. त्यांचं सगळं नीटच असायचं."

"मग तुला एवढी कसली घाई झालीये? तुझं खातं चालतंय की."

"माझं कुठलं खातं?"

बाबांनी दोन खाती उघडून ठेवली होती. एक स्वतःच्या नावाचं. दुसऱ्यावर 'पाहुणे' असं लिहिलं होतं. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की आई रोज त्या दुसऱ्यात जाऊन बसायची. पत्ते खेळत असेल, असं लेकीला वाटायचं.

"पाहुण्यांचं यात काही राहत नाही," आई म्हणाली. "बंद करताना हेच वाक्य येतं. शब्दन्‌शब्द हेच. मी रोज हो म्हणते."

"काय पुसलं जातं तुझं?"

"एक पान." आईनं तळहातानं कीबोर्डवरची नसलेली धूळ झटकली. "लिहिते थोडं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. आता पाठच झालंय."

"वहीत लिहायचंस मग."

"वही घरात राहते. कुणीही उघडतं."

गॅलरीतून दुरुस्तीवाल्याचं मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. कुणाला तरी तो प्रिंटर आधी बंद करून मग चालू करायला सांगत होता.

"काय लिहितेस?" लेकीनं हळूच विचारलं. "म्हणून दाखव ना."

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. बाराखडी म्हणावी तशी, एका सुरात ती म्हणाली, "बस सुटायला अवकाश होता. माझ्याजवळ एकच पिशवी होती, आणि तू आहेस हे मला अजून कळलं नव्हतं."

लेक खुर्चीच्या जवळ सरकली.

"पुढे?"

"पुढे तुझे बाबा येतात."

"स्टँडवर?"

"घरी. फिरून. जिना चढताना खोकायचे ना, की मी हो म्हणायची. पुढचं राहूनच जायचं."

"आता तरी..." लेक म्हणाली. "आता वेळ आहे की. लिही ना पुढचं."

"लिहीन. आणि उद्या परत स्टँडवर." आईनं माउसवर हात ठेवला. "हे दुरुस्तीवाले म्हणाले, नव्यात माझ्या नावाचं खातं काढून देतील. मी नावसुद्धा सांगून ठेवलंय. माहेरचं."

दुरुस्तीवाल्यानं गॅलरीच्या दारातून डोकं आत घातलं. "काय ठरलं, काकू? मला अजून दोन घरं आहेत."

पडद्यावरचा बाण सरकत 'हो'वर जाऊन थांबला. लेकीनं पटकन वाकून आईचं मनगट धरलं.

आईनं हात सोडवून घेतला नाही. फक्त मनगटाकडे पाहत राहिली, तिथं काहीतरी जुनं सापडल्यासारखी.

"स्टँडवरही असंच," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनीही जोरात नव्हतं धरलं."